मन आहे, बळ नाही: विषाणूसंसर्गानंतर डोक्यात राहिलेलं धुकं आणि माझं चुकलेलं निदान

संदर्भचिठ्ठीत तीनच ओळी होत्या. "महिला, वय ४३, फार्मासिस्ट. पाच महिन्यांपासून लक्ष लागत नाही, सारखी तपासत राहते, उदास. रक्ततपासण्या व एमआरआय नॉर्मल; मानसिक कारण असावे, कृपया पाहावे."

रुग्ण खोलीत येण्याआधीच माझं निदान निम्मं होऊन गेलं होतं. पुढे जे बिघडलं त्याची सुरुवात तिथे आहे, म्हणून मीही तिथूनच सुरुवात करते.

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. ओळख पटू नये म्हणून या प्रकरणातले काही तपशील बदलले आहेत, आणि याच वाटेने गेलेल्या आणखी दोन रुग्णांच्या काही बाबी यात मिसळल्या आहेत. रुग्णाला मी इथे फक्त 'ती' म्हणते.

तिला कोविड झाला तो सौम्य. चार दिवस ताप, घसा, गेलेला वास. ऑक्सिजन एकदाही उतरला नाही, दाखल व्हावं लागलं नाही. बाराव्या दिवशी ती कामावर गेली. पहिले दोन आठवडे अशक्तपणा होता, तो तिने अंगावर काढला. तिसऱ्या आठवड्यात रोज कितीतरी वेळा उच्चारलेलं एक नाव ओठांवर येईना. डबा समोर आहे, आतली गोळी कशावर चालते ते ठाऊक आहे, नाव मात्र नाही. कुणी मध्येच काही विचारलं की हातातलं काम कुठवर आलं होतं तेच पुसलं जायचं. एकाच वेळी दोन जण बोलू लागले की दोघांचंही कळायचं नाही.

सहाव्या आठवड्यात तिने हायड्रॉक्सिझिनच्या जागी हायड्रॅलाझिन काढून ठेवलं. पहिलं खाज आणि ॲलर्जीवरचं, दुसरं रक्तदाबाचं. नावांच्या सारखेपणामुळे गफलत होणाऱ्या औषधांमध्ये ही जोडी फार जुनी आहे, आणि विभागात नव्याने आलेल्यांना ती शिकवण्याचं काम तिच्याकडेच होतं. सहकाऱ्याने दुसऱ्या तपासणीत चूक पकडली. रुग्णापर्यंत काही गेलं नाही.

त्या दिवसापासून ती गोळ्या तीनदा मोजू लागली, मग पाचदा. घरी आल्यावर सहकाऱ्याला फोन करून "दुपारची ती चिठ्ठी नीट गेली ना?" असं विचारू लागली. पुढे घरचा गॅस, दाराचं कुलूप. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, साखर, एमआरआय सगळं झालं. रिपोर्ट नॉर्मल आले की लोकांना हायसं वाटतं. ती म्हणाली, "प्रत्येक नॉर्मल रिपोर्टगणिक मी जास्त खोटी ठरत गेले."

पहिली भेट

ती हळू बोलत होती, वाक्य मध्येच सोडत होती, डोळे खाली. मी पीएचक्यू-९ ही नैराश्य मोजायची प्रश्नावली घेतली. नऊ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण २७. पहिला प्रश्न गोष्टींमधला रस किंवा आनंद कमी झाल्याबद्दलचा. ती म्हणाली, "कशातच मन लागत नाही, डॉक्टर." मी तीन गुण दिले आणि पुढे गेले. एकूण १७ झाले, म्हणजे मध्यम ते तीव्र नैराश्य. चिंतेची जीएडी-७ चाचणी १४. तपासण्याची सवय पाहून ओसीडीची, म्हणजे तेच विचार आणि त्याच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या आजाराची, शक्यताही नोंदवली.

उपचार शिरस्त्याप्रमाणे. सर्ट्रालीन हे नैराश्यावरचं औषध सुरू केलं. जोडीला बिहेवियरल ॲक्टिव्हेशन, म्हणजे मन होण्याची वाट न पाहता आधी कृती करायची, मन मागून येतं. रोज अर्धा तास चालणं, आठवड्यातून दोनदा कुणाला तरी भेटणं, सोडून दिलेलं एखादं काम पुन्हा हाती घेणं. तपासणीसाठी एक्स्पोजर, म्हणजे पुन्हा तपासण्याची ओढ येऊ द्यायची, पण तपासायचं नाही. नैराश्यात आणि ओसीडीत हे उपचार खरोखर गुणकारी आहेत. मी ते शेकडो वेळा दिले आहेत आणि पुढेही देईन. चूक उपचारात नव्हती.

तिसऱ्या आठवड्यात काय झालं

ती नवऱ्याचा हात धरून आली. खुर्चीत बसली आणि डोळे मिटून घेतले. दिव्याचा त्रास होत होता. नवरा सांगू लागला की पहिले आठ-दहा दिवस तिने सगळं केलं. चालणं, भेटी, एकदा दुपारभर पाहुण्यांमध्ये बसणं. "तेव्हा बरी दिसत होती. दुसऱ्या दिवशीही ठीक होती. त्यानंतर जी आडवी झाली ती पाच दिवस उठली नाही. बोलताना साधे शब्द सापडेनात."

ती डोळे मिटूनच म्हणाली, "तुम्ही सांगितलंत ते सगळं केलं. काहीच टाळलं नाही. तरी असं झालं, म्हणजे माझ्यातच काहीतरी कमी असणार."

पीएचक्यू-९ आता २१. नवव्या प्रश्नापुढे, जो मरणाच्या विचारांबद्दल असतो, पहिल्या भेटीत शून्य होता. आता एक होता.

त्या दिवशी बाकी सगळं बाजूला ठेवलं. मी तिला सरळ विचारलं, आडवळणाने नाही. असं विचारल्याने विचार डोक्यात शिरतो ही भीती अनेक डॉक्टरांनाही असते. ती खरी नाही. ती म्हणाली, "मरायचं नाहीये. पण हे असं संपावं असं वाटतं." काही ठरवलेलं नव्हतं. तरी तिच्या पेशाचा विचार करून घरातली सगळी औषधं नवऱ्याने आपल्या ताब्यात ठेवायची असं तिघांनी मिळून ठरवलं. विचार वाढले तर कोणत्या क्रमाने कुणाला सांगायचं हे कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं, कारण तशा क्षणी तिला फोनमधलं नावही शोधता आलं नसतं. दर दोन दिवसांनी माझा फोन. हे वाचणाऱ्या कुणाच्या मनात असे विचार येत असतील, तर ते आजच जवळच्या माणसाला आणि डॉक्टरला सांगा. डोकं साफ होईल तेव्हा सांगू म्हणून थांबू नका.

मग मी पहिल्या भेटीचा कागद पुन्हा काढला.

एक वाक्य, दोन अर्थ

"मन लागत नाही." आपल्या भाषेत हे वाक्य दोन वेगळ्या दुःखांना चालतं. गोष्टीत गोडी उरली नाही, तरी मन लागत नाही. गोडी आहे, पण लक्ष ठरत नाही, तरीही मन लागत नाही. मी पहिला अर्थ घेतला होता. आता विचारलं, "उद्या सकाळी उठलात आणि डोकं अगदी पूर्वीसारखं स्वच्छ असेल, तर काय कराल?"

तिने डोळे उघडले. आधी वाचीन, मग कामावर जाईन, मग नव्या मुलांना त्या जोड्या पुन्हा शिकवीन. थांबत थांबत, पण पाच-सहा गोष्टी आल्या. ज्याची गोडीच गेली आहे असा माणूस सहसा अशी यादी देत नाही. तो म्हणतो, "काय करणार? काही नाही." शेवटी तीच म्हणाली, "मन आहे हो डॉक्टर. बळ नाही."

पहिल्या भेटीतले १७ गुण मी एकेक करून उलगडले. थकवा ३, एकाग्रता ३, झोप २, बोलण्या-वावरण्यातला मंदपणा २. हे दहा गुण नैराश्यातूनही येऊ शकतात आणि संसर्गानंतरच्या आजारातूनही; चाचणी तो फरक करत नाही. गोडी गेल्याचे तीन गुण माझ्या ऐकण्याचे. भुकेचा एक, पण वास अजून पुरता परतला नव्हता आणि जेवण बेचव लागत होतं. उरले उदासीचा एक आणि अपराधीपणाचे दोन. म्हणजे पहिल्या दिवशी ती नैराश्यापेक्षा घाबरलेली जास्त होती. तिसऱ्या आठवड्यातल्या २१ मध्ये मात्र उदासी ३, अपराधीपणा ३ आणि तो नववा प्रश्न. आता नैराश्य खरं होतं. ते आलं तेव्हा ती माझ्या उपचारांखाली होती.

एचएडीएस ही नैराश्य आणि चिंतेची १९८३ सालची चाचणी शारीरिक आजार असलेल्यांसाठीच बेतलेली आहे. थकवा, झोप, भूक हे प्रश्न तिच्यातून मुद्दाम वगळले आहेत. ती माझ्या कपाटात होती. आता अशा रुग्णांसाठी मी तीच आधी काढते.

पुन्हा पहिल्यापासून

जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये कोविडोत्तर स्थितीची व्याख्या दिली. संसर्गाला साधारण तीन महिने झालेले, लक्षणं किमान दोन महिने टिकलेली, आणि दुसऱ्या निदानाने त्यांचा उलगडा न होणारी. थकवा आणि धाप यांच्याबरोबर बौद्धिक अडचणींचं नाव त्यात ठळकपणे आहे. व्याख्येच्या शेवटच्या अटीतच असे रुग्ण अडकतात. 'दुसरं निदान' म्हणून नैराश्य लिहून टाकलं की उलगडा झाल्यासारखा वाटतो आणि शोध तिथे थांबतो. मी तेच केलं होतं.

तिने दोन आठवडे रोजनिशी ठेवली, दर तीन तासांनी एक ओळ. लिहिणं जड जाई तेव्हा नवरा लिहायचा. रोजनिशीतून पहिली गोष्ट दिसली ती उशिराची घसरण. श्रम आज, क्रॅश उद्या किंवा परवा. श्रम म्हणजे फक्त चालणं नव्हे. बँकेचा एक लांबलचक अर्ज भरल्यावरही तसंच झालं होतं. नैराश्यात माणसाला हालचाल सुरू करणं जड जातं, पण केल्यावर बहुधा थोडं बरं वाटतं. हिच्यात उलट होतं. केल्यावर बरं वाटायचं ते त्याच दिवशी, आणि त्यानेच ती फसायची. मीही फसले होते. ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने २०२१ मध्ये दीर्घकालीन थकव्याच्या आजारासाठी, म्हणजे एमई/सीएफएससाठी, ठरावीक पायऱ्यांनी व्यायाम वाढवत नेण्याचा सल्ला मागे घेतला, तो याच श्रमोत्तर घसरणीमुळे. माझा अर्धा तास चालण्याचा सल्ला त्याच जातीचा होता.

दुसरी गोष्ट तिच्या नव्हे, नवऱ्याच्या लक्षात आली: "आडवी असताना हिच्याशी गप्पा मारता येतात. उभी राहिली की शब्द जातात." आम्ही दहा मिनिटांची साधी तपासणी केली. आधी आडवं पडून नाडी आणि रक्तदाब, मग पाठ भिंतीला टेकवून स्थिर उभं राहायचं आणि दर मिनिटाला मोजत जायचं. आडवी असताना नाडी ७२, दहाव्या मिनिटाला १०८. रक्तदाब उतरला नाही. उभं राहिल्यावर प्रौढ माणसाची नाडी दहा मिनिटांत ३० किंवा जास्त वाढली, रक्तदाब पडला नाही आणि त्रास तीन महिन्यांहून जुना असला, तर पॉट्सचा, म्हणजे उभं राहिल्यावर नाडी प्रमाणाबाहेर वाढण्याच्या विकाराचा, विचार करावा लागतो. अशा लोकांमध्ये उभं असताना मेंदूचा रक्तपुरवठा घटतो. ही बाई दिवसाचे आठ तास काउंटरमागे उभी राहून, मिनिटाला नवी चिठ्ठी वाचून, सारख्या दिसणाऱ्या नावांमधलं एक निवडत होती. पाच महिन्यांत तिला कुणीही, मीही, उभं राहायला सांगून नाडी मोजली नव्हती.

तिसरी गोष्ट तिच्याच पिशवीत निघाली. झोप येत नाही म्हणून ती रोज रात्री क्लोरफेनिरामिन घेत होती, सर्दीची साधी गोळी. ही गोळी दुसऱ्या दिवसापर्यंत गुंगी ठेवते आणि स्मरणाला लागणाऱ्या ॲसिटिलकोलीनच्या कामात अडथळा आणते. मी विचारलं नव्हतं, आणि ती सांगायला विसरली होती. ती बंद केल्यावर आठवड्याभरात सकाळचा जडपणा थोडा उतरला. थोडाच, पण तो फुकटचा फायदा होता.

राहिली स्मरणाची तपासणी. मोका या छोट्या चाचणीत तिला ३० पैकी २७ मिळाले. २६ आणि वर म्हणजे ठीक, असं धरतात. मोका स्मृतिभ्रंश हुडकायला चांगली आहे, पण आयुष्यभर तल्लख राहिलेल्या माणसाची घसरण तिच्यात सहज लपते. म्हणून सविस्तर तपासणी करून घेतली, दोन बैठकांत आणि मध्ये आडवं पडून. लक्षात साठवणं ठीक होतं: ऐकलेले शब्द यादीत दाखवले तर ओळखत होती. आठवून काढणं मंद, आकडे उलट क्रमाने म्हणणं तिच्या शिक्षणाच्या मानाने बरंच खाली, आणि वेगाच्या चाचण्यांमध्ये चाळिसाव्या मिनिटानंतर सरळ उतार. पहिल्या वीस मिनिटांत तपासलं असतं तर निष्कर्ष 'सर्वसाधारण' आला असता.

तिला मी काय सांगितलं

ती फार्मासिस्ट. गोलमाल बोलणं तिला चाललं नसतं. तिने थेट विचारलं, "हे माझ्या मनाचं आहे की मेंदूचं?"

मी म्हटलं की या प्रश्नाचं उत्तर 'दोन्ही' आहे, पण दोघांची घड्याळं वेगळी आहेत. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०२२ मध्ये कोविड होऊन गेलेल्या १२ लाखांहून अधिक लोकांच्या दोन वर्षांच्या वैद्यकीय नोंदी तपासल्या. नैराश्य-चिंतेची वाढलेली जोखीम काही आठवड्यांतच इतर श्वसनसंसर्ग झालेल्यांच्या पातळीवर परतली होती. बौद्धिक अडचणींची जोखीम मात्र दोन वर्षांनीही चढीच होती. धुकं म्हणजे फक्त नैराश्याची सावली असती, तर नैराश्याबरोबर तीही हटली असती.

ब्रिटनमध्ये १,१२,९६४ लोकांनी ऑनलाइन बौद्धिक चाचण्या दिल्या, त्याचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले. लक्षणं टिकून राहिलेल्यांची सरासरी घट बुद्ध्यंकाच्या भाषेत सहा गुणांइतकी होती. बरे झालेल्यांचीही तीन. २०२२ च्या आणखी एका ब्रिटिश अभ्यासात संसर्गाआधी आणि नंतर अशी मेंदूची दोन्ही छायाचित्रं हाताशी होती. त्यात वासाशी जोडलेल्या भागांमध्ये करड्या द्रव्याची किंचित जास्त घट दिसली. डब्लिनच्या गटाला २०२४ मध्ये धुकं असलेल्या रुग्णांत रक्त आणि मेंदू यांच्यामधली भिंत झिरपताना आढळली. उंदरांवरच्या कामात तर विषाणू मेंदूत न शिरताही, फक्त श्वसनमार्गातल्या सौम्य संसर्गाने, मेंदूतल्या सफाई करणाऱ्या पेशी आठवडेच्या आठवडे खवळलेल्या राहिल्या. यातलं काहीही तिच्या एकटीच्या एमआरआयवर दिसणार नव्हतं. हे फरक शेकडो माणसांच्या सरासरीत उमटतात. "नॉर्मल एमआरआयचा अर्थ 'काही नाही' असा नाही," एवढं मी दोनदा सांगितलं आणि लिहूनही दिलं.

दुसरी बाजूही सांगितली, कारण ती लपवली असती तर पुढे कधीतरी तिला सापडलीच असती. २०२२ च्या एका अमेरिकन अभ्यासात संसर्गाआधी नैराश्य, चिंता किंवा एकटेपणा असलेल्यांना दीर्घ लक्षणांचा धोका जास्त आढळला. मन आणि शरीर यांच्यात ये-जा आहेच. मात्र ऑस्ट्रेलियातल्या डबो भागात तीन वेगळ्या संसर्गांनंतर केलेल्या, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे १२ टक्के लोकांचा थकवा सहा महिने टिकला, आणि कुणाचा टिकेल हे ठरवलं ते सुरुवातीच्या आजाराच्या तीव्रतेने, स्वभावाने नाही. तिचा सुरुवातीचा आजार सौम्य होता, त्यामुळे तो निष्कर्ष तिला जसाच्या तसा लागू नव्हता. तेही सांगितलं.

ही तक्रार काही नवी नाही. १९१८ च्या इन्फ्लुएंझानंतर कार्ल मेनिंजर यांनी १९१९ मध्येच बॉस्टनमधल्या शंभर मनोरुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती. साथ ओसरली की डॉक्टर हे विसरतात, आणि पुढच्या साथीतल्या रुग्णांना पहिल्यापासून पटवून द्यावं लागतं. 'लाँग कोविड' हे नावसुद्धा २०२० मध्ये रुग्णांनीच पाडलं, डॉक्टरांनी नाही.

ती बराच वेळ गप्प बसली. मग रडली. त्या दिवशीच्या टिपणात मी 'रडू अनावर. सुटका झाल्यासारखं' असं लिहिलं आहे.

मग पेशाला शोभेल असा प्रश्न तिने विचारला: "यावर गोळी कोणती?" धुक्यावर सिद्ध झालेली गोळी नाही. व्हॉर्टिऑक्सेटिन हे नैराश्यावरचं औषध यासाठी तपासून झालं होतं. २०२३ च्या निष्कर्षांत बौद्धिक चाचणीत ते प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या दिखाऊ गोळीपेक्षा, सरस ठरलं नाही. सर्ट्रालीन मात्र चालू ठेवू, म्हटलं, कारण आता नैराश्य आहे आणि ते धुक्यापायी आलं असलं तरी त्यावर उपचार होतो. कारण समजण्यासारखं आहे म्हणून नैराश्याला विनाउपचार सोडणं ही उलट बाजूची चूक. ती मी करणार नव्हते.

एक तपासणी, एक खूण

योजना नव्याने आखली. दिवसाच्या श्रमांची मर्यादा ठरवली ती वाईट दिवसावर, चांगल्या दिवसावर नाही. थकवा आल्यावर विश्रांती नव्हे, घड्याळ लावून थकव्याच्या आधी. वीस मिनिटं काम, दहा मिनिटं आडवं. तिला हे सर्वांत जड गेलं. चांगल्या दिवशी थांबणं तिला आळस वाटायचं. पहिले सहा आठवडे आम्ही जवळजवळ याच एका गोष्टीवर बोललो.

ॲक्टिव्हेशन सोडलं नाही, त्याचं माप बदललं. आनंद देणारी कृती हवी, पण कमीत कमी खर्चाची. वाचन तिचं खरं सुख. पान उलटेपर्यंत मागचं पान पुसलं जायचं. म्हणून पूर्वी वाचून झालेलीच पुस्तकं, आडवं पडून, संथ गतीने ऐकायची. कथानक आधीच ठाऊक, त्यामुळे दुवा सुटला तरी हरवायला होत नाही. ही कल्पना तिचीच. चौथ्या आठवड्यात ती फोनवर म्हणाली की एका जुन्या प्रसंगाला हसू आलं, आणि हसू आल्याचं तिला आश्चर्य वाटलं. सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं यांवर बोलून काम करणारी उपचारपद्धतही चालू होती, आजार समजुतीने घालवण्यासाठी नाही, तर "मी निरुपयोगी झाले" या वाक्याशी भांडण्यासाठी. सीबीटीला मी कमी लेखत नाही. नेदरलँड्समधल्या २०२३ च्या चाचणीत कोविडनंतरचा थकवा तिने कमी झाला होता. पण मर्यादेबाहेर ढकलणारी सीबीटी या बाईला पुन्हा अंथरुणात घालणार, हे आम्ही पाहिलं होतं.

तपासण्याच्या सवयीने मला सगळ्यात जास्त शिकवलं. तिला ओसीडी आहे की नाही यावर मी डोकं खाजवत होते, आणि उत्तर जागेप्रमाणे बदलत होतं. ओसीडीत सहसा स्मरण ठीक असतं, डळमळलेला असतो तो त्याच्यावरचा विश्वास. कामावर तिची चूक खरी झाली होती, लक्ष खरंच तुटत होतं. तिथे दुसऱ्यांदा तपासणं हा आजार नव्हे, जबाबदारी. पण घरी? दोन आठवडे तिने कुलूप लावल्यावर कागदावर वेळ टाकली, आणि नवरा मागून पाहायचा. एकदाही कुलूप उघडं राहिलं नव्हतं. तरी ती आठ-आठ वेळा परत जात होती.

वान डेन हाउट आणि किंड्ट या डच संशोधकांनी २००३ मध्ये निरोगी लोकांना संगणकावरचा गॅस वारंवार तपासायला लावला होता. त्यांचं स्मरण अचूकच राहिलं, पण आठवणीचा ठसठशीतपणा आणि तिच्यावरचा भरवसा घटला. तपासणं वाढतं तशी खात्री घटते. म्हणजे खऱ्या विस्मरणाने सुरू झालेली सवय पुढे स्वतःच्या पायावर उभी राहते. हे तिला चटकन पटलं. घरी नियम केला: कुलूप एकदा, मोठ्याने "लावलं" म्हणायचं, कागदावर एक खूण, आणि परत फिरायचं नाही. इथे एक्स्पोजर पाच आठवड्यांत लागू पडलं. कामासाठी नियम वेगळा: एक तपासणी, एक खूण, दुसऱ्या तपासणीला सहकाऱ्याची सही. तिसऱ्यांदा कुणीच मोजायचं नाही. माझा पहिला सल्ला, सगळीकडे सरसकट तपासणं रोखण्याचा, काउंटरवर धोक्याचा होता. नशीब एवढंच की माझ्या सांगण्यावरून ती तेव्हा रजेवर गेली होती.

पॉट्ससाठी हृदयरोगतज्ज्ञांनी पाणी आणि मीठ वाढवायला सांगितलं, पोटऱ्यांना घट्ट मोजे दिले. मीठ सगळ्यांना चालत नाही. रक्तदाब, मूत्रपिंड, हृदय बघूनच ते सांगतात, म्हणून कुणी हे वाचून आपल्या मनाने करू नये.

घरच्यांसाठी मी एकच बैठक घेतली. नवरा भला माणूस, पण "अगं, कालच तर बरी होतीस" हे वाक्य त्याच्या तोंडून रोज निघायचं, आणि रोज तिला लागायचं. उशिराच्या घसरणीचा आलेख रोजनिशीवरून त्याच्यासमोर काढला. नंतर त्याने स्वतःहून दोन गोष्टी बदलल्या: एका वेळी एकच प्रश्न विचारायचा, आणि ती शब्द शोधत असली की आपला शब्द पुढे करायचा नाही. दुसरी गोष्ट मला सुचली नसती.

चौदावा महिना

संसर्गाला चौदा महिने झाले तेव्हाची ही नोंद. ती आठवड्यातून तीन दिवस, चार-चार तास काम करते. काउंटरवर नाही, साठ्याच्या मुदती पाहणं आणि दुसऱ्या तपासणीचं काम, उंच स्टुलावर बसून. हे स्टूल मिळवायला मला तीन पत्रं लिहावी लागली. पहिल्या पत्रात मी 'नैराश्यामुळे सवलत' असं लिहिलं होतं, त्यावर 'मन रमण्यासाठी पूर्ण वेळ काम बरं' असं उत्तर आलं. तिसऱ्यात नाडीचे आकडे आणि चाळिसाव्या मिनिटानंतरचा उतार लिहिला. स्टूल मिळालं.

पीएचक्यू-९ आता ८. त्यातले सहा थकवा, झोप, एकाग्रता आणि मंदपणाचे. उदासीचा एक, अपराधीपणाचा एक, नववा प्रश्न शून्य. घरचं कुलूप एकदाच. सविस्तर चाचणीत आकडे उलट म्हणणं सुधारलं आहे. वेग कमीच आहे, पण उतार आता तासाभरानंतर सुरू होतो. क्रॅश महिन्यातून एखादा. गेल्या महिन्यातला तिला आधीच ठाऊक होता. एका लग्नाला जायचं तिने ठरवून ठेवलं होतं आणि नंतरचे तीन दिवस मोकळे ठेवले होते.

नैराश्य गेलं आणि धुकं राहिलं, म्हणून फाइलमधलं निदान मी दोन ओळींत तोडलं. वरच्या ओळीत कोविडोत्तर बौद्धिक लक्षणं आणि पॉट्स, चालू. खालच्या ओळीत नैराश्याचा झटका, उतारावर. सर्ट्रालीन आणखी सहा महिने, मग हळूहळू कमी. पहिल्या दिवसाचं निदान खोडलं नाही, त्याच्यापुढे तारीख टाकून 'पुनर्विचारानंतर बदललं' असं लिहिलं आणि सही केली. तिने तो कागद मागून घेतला, दोन्ही ओळी वाचल्या. औषधाच्या मात्रेवर बोट ठेवून एकदा पाहिली, समासात छोटी खूण केली आणि परत दिला.

पुढची भेट सहा आठवड्यांनी. तिला नव्या मुलांचा एक वर्ग घ्यायचा आहे, वीस मिनिटांचा, बसून. तो झाल्यावर चार दिवसांची रोजनिशी बघून दुसऱ्या वर्गाचं ठरवू.